हिरव्या मिरचीचं लोणचं: तोड्यापासून दादऱ्यापर्यंत

कोल्हापुरात मे अखेरीला टाकलेलं मिरचीचं बी जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोप होऊन कुंडीत जातं, आणि गणपती उठले की पहिला भरघोस तोडा हाताशी येतो. हा तोडा आमटीभाजीत, खर्ड्यात संपवून टाकावा. लोणच्याला घटस्थापनेनंतरचा घ्यावा. पहिल्या तोड्याच्या वेळी पाऊस पुरता हटलेला नसतो, कुंडीतली माती कायम ओली असते, त्यामुळे मिरची दिसायला फुगीर पण आतून पाणचट निघते. दसऱ्याच्या आगेमागे ऊन चढतं, हवा सुकायला लागते आणि तेच झाड अशी मिरची देतं की मोडली तर कट्‌कन आवाज येतो. लोणचं बिघडलं की आपण तेलाला, मिठाला नावं ठेवतो. आमचा अनुभव असा, की बिघडलेल्या बरणीचा माग काढत गेलं की शेवटी कुठेतरी पाणी सापडतं. कुंडीतलं, दवाचं, धुण्याचं, नाहीतर चमच्याला लागलेलं.

लोणच्याला ज्वाला जातीची मिरची लावावी. लांब, पोपटी, सालीला सुरकुत्या, टोक किंचित वळलेलं. साल पातळ असल्याने मीठ लवकर आत शिरतं आणि तिखटपणा जेवणात सोसेल इतका असतो. लवंगी लिंबाच्या लोणच्यात चार-सहा टाकायला छान, पण नुसत्या लवंगीचं लोणचं पानात घेतलं तर एका तुकड्यापुढे जात नाही. भजीची जाडी मिरची गराने भरलेली असते, म्हणजे पाणीही तितकंच. तिचं भरलेलं लोणचं करावं आणि दोन आठवड्यांत संपवावं. संकेश्वरी मात्र झाडावर लाल होऊ द्यावी, तिची जागा वर्षाच्या मसाल्यात.

कुंडी १२ इंची तरी हवी. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट हे मिश्रण इथल्या पावसाला टिकतं. नुसती तांबडी माती दोन जोरदार सरींत दगडासारखी बसते, आणि नदीकाठची काळी माती एकटी वापरली तर पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. बारा कुंड्या नीट सांभाळल्या तर एका तोड्याला साधारण किलोभर मिरची निघते आणि आठ-दहा दिवसांनी पुढचा तोडा येतो. लोणच्यासाठी धरलेल्या तोड्याआधी पंधरा दिवस नत्राचं खत बंद करावं. जास्त नत्राने पाला माजतो, फुलं गळतात आणि जी मिरची धरते ती मऊ असते.

रोगकिडीचं एवढंच सांगतो, जेवढं बरणीशी संबंधित आहे. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी. दोन्हींना आपण चुरडा-मुरडा म्हणतो, पण ओळख वेगळी ठेवली की उपाय चुकत नाही. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो, तो संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने मारावा आणि तोड्याआधी आठ दिवस थांबवावा. दुकानातलं औषध मारलंच, तर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते लेबलवर छापलेलं असतं. ते दिवस मोजून सोडावेत. लोणच्यात मिरची सालीसकट, न शिजवता खाल्ली जाते, तिथे ही सूट घेता येत नाही.

तोड्याच्या आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्यायचं नाही. पानं दुपारी किंचित मान टाकतील, ती दुसऱ्या दिवशी पाणी दिल्यावर उभी राहतात. सकाळी दव उडाल्यावर, साधारण साडेआठ-नऊ वाजता तोडायला घ्यावं. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्या हाताने मिरचीचा देठ चिमटीत धरून वरच्या दिशेने उचलायचा. देठ जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे गाठीवर तो आपोआप सुटतो. मिरचीला धरून खाली ओढलं तर दोन गोष्टी होतात: एकतर मिरची देठातून निसटते आणि वरच्या भोकातून हवा-पाण्याला वाट मिळते, नाहीतर फांदीची साल सोलली जाते आणि त्या फांदीवरची पुढची फुलं जातात. मिरचीची फांदी फार ठिसूळ असते, घाईला जागा नाही.

कोणती तोडायची? पूर्ण लांबीची, चकचकीत, दाबली तर दाद न देणारी. एक मोडून बघावी. बी पांढरं ते फिकट पिवळं असेल तर लोणच्याला योग्य. बी गर्द पिवळं, टणक झालं असेल आणि सालीवर तांबूस-काळपट झाक आली असेल, तर ती पिकायला लागली आहे. तिला झाडावरच राहू द्यावं, तिची सोय शेवटी सांगतो. अगदी कोवळी, दाबली की लवणारी मिरची मिठात लिबलिबीत होते. तोडल्या तोडल्या निवड करून घ्यावी. देठाजवळ बारीक भोक असेल तर आत अळी आहे. सालीवर खोलगट काळपट डाग म्हणजे फळकूज. टोकाकडे कागदासारखा पांढरट, वाळका पट्टा असेल तर पाणी कधी फार, कधी अजिबात नाही असं झाल्याचा तो परिणाम. असली एकही मिरची 'एवढं कापून टाकलं की चालेल' म्हणून लोणच्यात घेऊ नये. चांगला भाग त्याच दिवशी भाजीत वापरावा.

धुताना देठ काढायचे नाहीत. हा सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम. देठ काढून धुतलं की प्रत्येक मिरची नळी होते आणि पाणी आतल्या पोकळीत जाऊन बसतं. वरून कितीही पुसा, ते निघत नाही, आणि आठव्या दिवशी बरणीच्या तोंडाशी पांढरी साय दिसायला लागते. देठासकट दोन पाण्यांतून धुवावी, चाळणीत अर्धा तास निथळावी, मग सुती पंच्यावर पसरून एकेक पुसावी. ज्वालेच्या सुरकुत्यांत आणि देठाच्या टोपीखाली थेंब लपतात, तिथे पंच्याचं टोक फिरवावं. नंतर पंख्याखाली पाच-सहा तास, हवा दमट असेल तर रात्रभर. कडक उन्हात घालू नये, साल पांढुरकी पडते आणि मिरची चामट होते. सुकली की नाही हे बघायला मूठभर मिरची कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून दहा मिनिटं ठेवावी. कागदावर एकही ओला ठिपका उमटला नाही म्हणजे झालं.

आता देठ काढायचे आणि मगच वजन करायचं. पुढची सगळी मापं देठ काढलेल्या ५०० ग्रॅम मिरचीची आहेत.

कापायला विळीपेक्षा कात्री बरी. विळीवर मिरची दाबली जाते आणि रस विळीला लागून जातो, कात्रीने तुकडा स्वच्छ पडतो. तुकडे एक सेंटिमीटरचे. लहान केले तर पंधरा दिवसांत त्यांचा लगदा होतो, मोठे ठेवले तर मीठ आतपर्यंत जायला वेळ लागतो. तिखटपणा बियांत असतो असं सर्रास मानलं जातं, पण तो असतो बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात. बियांना तो तिच्याकडून लागतो. तिखट कमी हवं असेल तर ती शीर काढावी, नुसत्या बिया झटकून काही साधत नाही. हाताला आधी गोडंतेल चोळून घ्यावं. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, त्यामुळे काम झाल्यावरही आधी तेल चोळून पुसायचं आणि मग साबण. नुसत्या पाण्याने धुतलं तर जाळ हातभर पसरतो.

मीठ १०० ग्रॅम, म्हणजे मिरचीच्या वजनाचा पाचवा हिस्सा. खडे मीठ घ्यावं, कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं कोरडं परतावं, गार झाल्यावर कुटावं. परतताना मीठ तडतडतं, तो आत अडकलेला ओलावा फुटल्याचा आवाज. मीठ नेहमी वजनाने घ्या. वाटीभर खड्या मिठाचं आणि वाटीभर बारीक मिठाचं वजन सारखं नसतं, आणि 'मागच्या वर्षी वाटीनेच घेतलं होतं' म्हणणाऱ्यांचं लोणचं एक वर्ष खारट आणि दुसऱ्या वर्षी आंबूस होतं ते याचमुळे. मीठ आणि दोन छोटे चमचे हळद तुकड्यांना चोळून काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात झाकून ठेवावी. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम नको. मीठ आणि आंबट दोन्ही त्यांना खातात. दुसऱ्या दिवशी तळाशी दोन बोटं पिवळसर-हिरवं पाणी दिसेल. हे पाणी मिठाने मिरचीतून ओढून काढलेलं असतं, ते टाकू नये. त्यात निम्मं मीठ आलेलं असतं. ते फेकलं की मिठाचा हिशेब मोडतो.

या लोणच्याचा जीव मोहरीत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ६० ग्रॅम मोहरीची डाळ लागते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात सुटी मिळते. घेताना चिमूटभर चावून बघावी, जुन्या डाळीला खवट वास येतो आणि झणका येत नाही. डाळ मिक्सरमध्ये फार वेळ फिरवायची नाही, भांडं तापतं. थांबत थांबत फिरवून भरड करावी. आता फेसायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी चार मोठे चमचे, म्हणजे ६० मिली, भरडीवर थोडं थोडं घालत रवीने किंवा लाकडी चमच्याने एकाच दिशेने घोटायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काही होत नाही, नुसता पिवळा चिखल दिसतो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला रंग फिका पडतो, मिश्रण हलकं होतं, कडेला बारीक फेस धरतो, आणि भांड्यावर नाक नेलं की झणका थेट कपाळात जातो. डोळ्यांत पाणी आलं की समजायचं मोहरी फेसली. हे व्हायला दहा मिनिटं लागतात.

लिंबाचा रस याच्यानंतर. क्रम उलटा केला की मोहरी मुकी राहते, आणि त्याला कारण आहे. झणका मोहरीच्या दाण्यात तयार नसतो. सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दाण्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. दाणा फुटून पाणी लागलं की ती भेटतात आणि झणका जन्मतो. त्या विकराला उष्णता सोसत नाही आणि आंबटात ते मंदावतं. म्हणून गरम पाणी घातलं, मोहरी आधी खरपूस भाजली किंवा सुरुवातीलाच लिंबू पिळलं तर कडवट, मचूळ चिखल मिळतो. उलट, एकदा झणका तयार झाला की आंबट त्याला धरून ठेवतं, तो लवकर उडत नाही. लोणच्यात आपल्या हाताने घातलेलं पाणी हे एवढंच, आणि तेही उकळलेलं.

रस आठ ते दहा कागदी लिंबांचा, २०० मिली. लिंबांचा रस कमी-जास्त निघतो, म्हणून नग न मोजता रस मोजावा. लिंबंसुद्धा धुऊन कोरडी करूनच चिरायची. लिंबाचा हात आखडू नये, त्यावर लोणच्याचा निर्धोकपणा अवलंबून आहे. हिरवी मिरची स्वतः आंबट नसते. तेलाखाली हवा नसते, आणि हवा नाही, आंबटही नाही अशा जागी वाढणारे घातक जंतू असतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट जास्त. त्या जंतूंना रोखणारी रेषा पीएच ४.६ ही आहे, लोणचं त्याच्या बरंच खाली असायला हवं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रसात एक बुडवून ४ च्या आत रंग आला की निश्चिंत. कमी तिखट लागावं म्हणून लिंबाऐवजी गूळ वाढवण्याची पद्धत काही घरांत आहे, ते लोणचं फ्रीजमध्येच ठेवावं.

मेथी दोन छोटे चमचे, साधारण १० ग्रॅम. चमचाभर तेलात मंद आचेवर, दाणे फुगून गुळाच्या रंगाचे होईपर्यंत. त्याच्या पुढे दहा सेकंद गेले की काळ्या होतात आणि अख्खी बरणी कडू करतात, म्हणून एक छटा आधीच उतरवाव्यात, गरम तेलात त्या आणखी रंगतात. त्याच तेलात हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढा खडा हिंग फुलवून घ्यावा. दोन्ही गार झाल्यावर एकत्र बारीक कुटावं.

तेल शेंगदाण्याचं, २०० मिली. वरून धूर दिसेपर्यंत तापवावं, गॅस बंद करून मिनिटभराने चमचाभर मोहरी घालावी, तडतडली की अर्धा चमचा हिंगपूड आणि चिमूटभर हळद. आणि मग हे तेल पूर्ण गार होऊ द्यायचं, भांड्याच्या बुडाला तळहात टेकवून गार लागेपर्यंत. दोन तास तरी जातात. कोमट तेल ओतलं तर मिरची अर्धवट शिजते, मऊ पडते, आणि एवढ्या कष्टाने उठवलेला मोहरीचा झणका वाफेवर निघून जातो.

मिठातली मिरची तिच्या पाण्यासकट, फेसलेली मोहरी, लिंबाचा रस, मेथी-हिंगाची पूड, सगळं लाकडी चमच्याने कालवून घ्यावं. तेल निम्मं कालवायचं, निम्मं वरून.

बरणी आदल्या दिवशी तयार हवी. काचेची असेल तर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळून, चिनी मातीची असेल तर उकळत्या पाण्याने विसळून, नंतर दिवसभर कडक उन्हात. भरण्याआधी निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्यावर बरणी पालथी धरावी, धूर आत कोंडू द्यावा. वास लोणच्यात उतरतो आणि बरणीच्या भिंतीवर उरलेली शेवटची ओलही सुटते. भरताना चमच्याने दाबत जावं, तुकड्यांमध्ये हवा राहू देऊ नये, वर इंचभर जागा सोडावी. उरलेलं तेल ओतल्यावर अर्धं बोट तेल तुकड्यांच्या वर उभं राहायला हवं. राहिलं नाही तर बरणी रुंद आहे. अरुंद बरणी घ्यावी, किंवा आणखी तेल तापवून गार करून घालावं. झाकण लावून वर स्वच्छ पंच्याचा दादरा बांधावा. झाकण आणि बरणी यांच्यामधून येणारी धूळ आणि मुंगी तो अडवतो.

पहिले चार दिवस रोज एकदा कोरड्या चमच्याने तळापासून हलवायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिरचीचा पोपटी रंग जाऊन ती शेवाळी, खाकी दिसायला लागते. पहिल्यांदा करणारे इथे घाबरतात. आंबटामुळे पानहिरव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि रंग उतरतो, बाकी काही नाही. आठव्या दिवशी खाता येतं, पंधराव्या दिवशी खरी चव लागते. तीन-चार महिने बाहेर, अंधाऱ्या कपाटात टिकतं. फाल्गुनात उकाडा सुरू झाला की उरलेलं फ्रीजमध्ये.

बिघाडाची लक्षणं तोंडाशीच दिसतात. बुडबुडे येऊन फसफसत असेल तर मीठ किंवा लिंबू कमी पडलं. पहिल्या तीन-चार दिवसांत, वास चांगला असताना लक्षात आलं तर २० ग्रॅम परतलेलं मीठ आणि चार लिंबांचा रस घालून फ्रीजमध्ये हलवावं. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाली चांगलं असेल असं मानू नये, बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल जातात. बरणी रिकामी करावी. तुकडे लिबलिबीत होणं हा कोवळ्या मिरचीचा किंवा कोमट तेलाचा दोष. कडवट चव पहिल्या आठवड्यात असेल तर थांबावं, मोहरीची असते आणि मुरल्यावर जाते. पंधरा दिवसांनीही राहिली तर मेथी जळली होती.

झाडावर ठेवलेल्या मिरच्या नोव्हेंबर-डिसेंबरात लालभडक होतात. त्यांचा रंजका करावा, सीमाभागाच्या या पट्ट्यात लोणच्याइतकाच तो मानाचा. ओली लाल मिरची ५०० ग्रॅम, वाळायला न लागलेली, वरच्यासारखीच देठासकट धुऊन सुकवलेली. ७० ग्रॅम मीठ घालून जाडसर वाटायची, पाणी अजिबात नाही. काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवली की वाटण किंचित वर येतं आणि आंबूस वास येतो. मग २० लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं, एक चमचा तळलेल्या मेथीची पूड आणि सहा-सात लिंबांचा रस घालून पुन्हा एकदा फिरवायचा. लसणामुळे लिंबाचं माप इथेही कमी करायचं नाही, आणि लसूण घातल्यावर बरणी फ्रीजमध्ये ठेवायची. फोडणी आधी करून ठेवू नये. खायच्या वेळी जोंधळ्याच्या गरम भाकरीवर चमचाभर रंजका घ्यावा, बोटाने मध्ये खळगा करावा आणि त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल सोडावं.